मातीतला पैसा : जुने नाणे कसे ओळखावे?

पैशाची व्याख्या आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पाठ असते : विनिमयाचे साधन, मूल्याचे मापन, मूल्याचा साठा. चलनातून बाद होऊन दोन-तीनशे वर्षे मातीत पडलेला पैसा यांपैकी कोणतेच काम करीत नाही. तरीही त्याच्यापाशी एक मूल्य शिल्लक असते, ते म्हणजे साक्षीचे. ही साक्ष कशी काढून घ्यावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

संध्याकाळी मी भांड्यांच्या एका दुकानात हिशेब लिहितो. तिथे तांब्या-पितळेची मोड येते. फुटक्या घागरींबरोबर कधी चार-दोन काळपट ढब्बू पैसेही येतात. सारे एकाच तागडीत पडते आणि वहीत ‘तांबे मोड’ एवढीच नोंद होते. पुढे भट्टी! नांगराला लागलेले, विहीर खणताना निघालेले, अलीकडे मेटल डिटेक्टरच्या हौसेने उकरलेले, अशा कितीतरी नाण्यांचा शेवट हाच होतो. डिटेक्टर तरी काय सांगतो? त्याच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत वीज खेळते आणि यंत्र वाजते. शिवराईला वाजते तसेच ते बाटलीच्या बुचालाही वाजते. ओळखण्याचे काम माणसालाच करावे लागते.

पहिली पायरी धातूची. चुंबकाला चिकटले तर त्यात बहुधा लोखंड आहे. हिरवी पुटे तांब्यावर किंवा त्याच्या मिश्रधातूवर चढतात, चांदी काळवंडते, शिशावर करडा-पांढरा थर येतो. याहून पक्की परीक्षा घनतेची. सराफी काट्यावर नाणे तोलावे. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवावे, मात्र तळाला टेकू देऊ नये. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घन सेंटीमीटर त्याचे आकारमान. समजा, नाणे ११ ग्रॅमचे आहे आणि काट्याने १.२३ दाखवले. भागाकार ८.९४ येतो, तांब्याची घनता ८.९६ आहे. चांदीची १०.५, शिशाची ११.३ आणि सोन्याची १९.३. गंज जास्त असेल तर आकडा थोडा खाली येतो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी घडणीची. जुनी नाणी हातोड्याच्या घावाने पाडीत. ठसा पुष्कळदा चकतीहून मोठा असे, म्हणून कडेची अक्षरे अर्धवट उमटत. अक्षर तुटलेले दिसले म्हणून नाणे खोटे ठरत नाही. उलट, कडेवर साच्याची शीर आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसले, तर ओतीव नक्कल असल्याचा संशय घ्यावा. अगदी गोल, सारख्या कडेचे नाणे यंत्रावरचे. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा अशा जातीचा. वजन सुमारे ६.४७ ग्रॅम. त्याच साली निघालेला कंपनीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. राणी व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर १८७६ पर्यंत ‘क्वीन’ आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ आहे. वर्ष झिजले असले, तरी या एका शब्दाने काळ ठरतो.

तिसरी पायरी लिपीची. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असते. हे वाचले की आपण लगेच म्हणतो, ‘हे महाराजांच्या हातचे!’ पण शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकानंतर थांबली नाही. ती पेशवाईतही पडत राहिली. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ शिवराई ही उत्तरकाळातली, आणि सापडतात त्यांत तीच फार. नावावरून काळ ठरवू नये; वजन, अक्षरांचे वळण आणि रेघा पाहून ठरवावा.

आपल्या सीमाभागात तर एकाच लिपीवर विसंबून चालत नाही. विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या सोन्याच्या नाण्यावर ‘श्री प्रताप कृष्ण राय’ हे नाव नागरीत आहे. आदिलशाही नाण्यांवर फारसी लिपी. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडेयरांच्या तांब्याच्या वीस कासूच्या नाण्यावर तर कन्नड, इंग्रजी आणि फारसी एकत्र नांदतात. या मासिकाचे दोन्ही विभाग वाचणाऱ्या मित्रांना हे काम इतरांहून सोपे जावे! ज्याला कन्नड अक्षर लागत नाही त्याने शेजारच्या बाकावर विचारावे, आणि ज्याला नागरी लागत नाही त्यानेही तसेच करावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये. आम्लाने पूट जाते आणि पुटाबरोबर झिजलेले अक्षरही जाते. कोरड्या मऊ ब्रशने माती झाडावी, तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि नाणे कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे.

पाकिटावर नोंद हवी : गाव, शेत, किती खोलीवर, कोणत्या तारखेला, सोबत खापर किंवा वीट होती काय. बेळगावजवळच्या वडगाव-माधवपूर येथे सातवाहनकाळची वसाहत उत्खननात उजेडात आली. अशा ठिकाणी नाण्याचा अर्थ ते ज्या थरात सापडते त्या थरामुळे लागतो. ठिकाण हरवलेले नाणे म्हणजे तारीख आणि खाते नसलेली पावती. रक्कम दिसते, पण जमाखर्चात कुठे मांडावी ते कळत नाही.

शेवटी कायदा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. त्यासाठी १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आहे आणि कर्नाटकाचा स्वतःचा १९६२ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. संरक्षित स्थळी परवानगीवाचून उकरणे हा गुन्हाच आहे. तेव्हा डिटेक्टर घेऊन किल्ल्यावर जाण्यापेक्षा घरच्या देव्हाऱ्यातली आणि आजीच्या बटव्यातली नाणी आधी तोलून, वाचून, वहीत उतरवून घ्यावीत. मोडीच्या भावात या ओळखीची किंमत धरलेली नसते. ती आपणच धरायची असते.