लायपोसक्शन : शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास काय सांगावे?

स्थौल्य हा विषय आयुर्वेदास नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अष्टौनिन्दितीय अध्यायात, अतिस्थूल व्यक्तीचे आठ दोष वर्णिलेले आहेत. आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, स्वेदाबाध, अतिक्षुधा व अतितृषा हे त्यांपैकीच होत. मेदोहर चिकित्सा घेणारे काही रुग्ण आज ‘लायपोसक्शन करून घेऊ का?’ असे विचारतात. काही तर तारीख ठरवूनच येतात. अशा वेळी शस्त्रक्रियेची सरसकट निंदा करणे किंवा मौन बाळगणे, या दोहोंत रुग्णाचे हित नाही.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

१९७० च्या दशकात इटलीतील ज्योर्जिओ फिशर व फ्रान्समधील इव्ह-जेरार इलूझ यांनी त्वचेखालील मेद नलिकेने शोषून घेण्याची पद्धत विकसित केली. पुढे १९८७ साली अमेरिकेतील डॉ. जेफ्री क्लाइन यांनी ‘ट्युमेसंट’ पद्धत प्रसिद्ध केली. हीत लिग्नोकेन व ॲड्रेनॅलिनयुक्त लवणद्रव मेदात भरला जातो. त्यामुळे रक्तस्राव पुष्कळ कमी होतो. एका वेळी पाच लिटरहून अधिक शोषण झाल्यास ते ‘मोठ्या प्रमाणातील’ मानले जाते व त्यात धोकाही वाढतो.

अपेक्षा कोणती ठेवावी?

लायपोसक्शन ही स्थौल्याची चिकित्सा नव्हे. आहार-व्यायामाने न हटणारा स्थानिक मेद कमी करून शरीराची ठेवण सुधारणे एवढेच तिचे प्रयोजन. तिने त्वचेखालील मेद निघतो. उदरातील अवयवांभोवतीचा मेद निघत नाही. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या उदरावरील मेद मोठ्या प्रमाणात काढूनही १० ते १२ आठवड्यांनंतर रक्तदाब, रक्तातील मेद अथवा इन्सुलिनचा परिणाम यांत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. ‘शस्त्रक्रियेने मधुमेह जाईल’ असा समज असल्यास तो आधीच दूर करावा.

आपल्या दृष्टीनेही हे सुसंगतच आहे. अव्यायाम, दिवास्वाप, मधुर-स्निग्ध आहार हे हेतू कायम असता केवळ संचित मेद काढल्याने संप्राप्तिभंग होत नाही. निदानपरिवर्जन न केल्यास मेद अन्यत्र, विशेषतः उदरात, पुन्हा साठतो.

चालू औषधांची माहिती : सर्वांत महत्त्वाचा मुद्दा

‘आयुर्वेदिक औषध म्हणजे औषधच नव्हे’ अशा समजुतीने रुग्ण शल्यचिकित्सकास व भूलतज्ज्ञास काही सांगत नाही. येथेच आपली जबाबदारी सुरू होते. पुढील द्रव्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

१. गुग्गुळ : मेदोहर, नवक, त्रिफळा आदी गुग्गुळकल्प स्थौल्यात नेहमी दिले जातात. गुग्गुळामुळे रक्तबिंबिकांच्या एकत्रीकरणास अवरोध होतो असे प्रयोगांत दिसले आहे. डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातील मात्रा त्याने घटल्याचेही आढळले आहे.
२. लसूण, आले, हळद : आहारातील प्रमाणात चिंता नाही, परंतु कॅप्सूल वा अर्क स्वरूपात घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते.
३. अश्वगंधा, जटामांसी, तगर : भुलेच्या औषधांची गुंगी वाढू शकते.
४. सर्पगंधा : भुलेखाली रक्तदाब अनपेक्षितपणे उतरू शकतो.
५. मेथी, गुडमार, कारले : उपाशीपोटी रक्तशर्करा घटू शकते.
६. ज्येष्ठमध : दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो.

वनौषधी शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे थांबवाव्यात, असा संकेत भूलशास्त्रात आहे. मात्र रक्तदाब वा मधुमेहावरील औषध रुग्णाने परस्पर बंद करू नये. ते संबंधित डॉक्टरांशी बोलून पर्यायी व्यवस्थेसह थांबवावे. वैद्याने सर्व कल्पांची नावे, मात्रा व शेवटच्या मात्रेची तारीख चिठ्ठीवर लिहून द्यावी. ॲस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या व धूम्रपान यांविषयीही विचारावे.

रुग्णाने विचारावयाचे प्रश्न

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर प्लास्टिक सर्जरीचे अर्हताप्राप्त तज्ज्ञ आहेत काय? भूलतज्ज्ञ व अतिदक्षतेची सोय आहे काय? किती मेद काढणार? कोणते उपद्रव संभवतात? सूज, बधिरता व त्वचेचा उंचसखलपणा हे तुलनेने नेहमीचे. जंतुसंसर्ग, शिरांत रक्ताची गुठळी, फुप्फुसात गुठळी वा मेदकण अडकणे आणि अवयवास छिद्र पडणे हे विरळ, पण प्राणघातक ठरू शकणारे उपद्रव होत.

शस्त्रक्रियेनंतर

दाबपट्टा साधारणतः चार ते सहा आठवडे वापरावा लागतो. अंतिम परिणाम दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात. या काळात शल्यचिकित्सकाच्या अनुमतीविना उद्वर्तन, अभ्यंग, स्वेदन वा बस्ती करू नये. धाप, छातीत वेदना, पोटरीस एकांगी सूज, तीव्र ज्वर, असह्य उदरशूल वा भ्रम दिसल्यास चूर्ण-काढा देत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. ओठांभोवती मुंग्या व कानांत आवाज ही लिग्नोकेनच्या विषबाधेची पूर्वरूपे असून ती काही तासांनी, घरी गेल्यावरही उद्भवू शकतात.

औषधी विक्रेत्यांसाठी

मेदोहर कल्प मागणाऱ्या ग्राहकास ‘नजीकच्या काळात शस्त्रक्रिया आहे काय?’ हा एक प्रश्न अवश्य विचारावा. तसेच १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश आहे. म्हणून ‘शस्त्रक्रियेविना चरबी घालवा’ अशा जाहिरातींचे फलक दुकानात लावू नयेत.

शस्त्रक्रिया करावी की नाही, हा निर्णय रुग्णाचा. तो पूर्ण माहितीनिशी व्हावा आणि आपले औषध त्यात अज्ञात धोका ठरू नये, एवढे पाहणे हे वैद्याचे कर्तव्य होय.