गरोदर शेतकरी भगिनींचे कपडे : सोय, सुरक्षितता आणि काटकसर

गरोदरपणात आहार कसा असावा, लोहाच्या गोळ्या का घ्याव्यात, तपासणीस केव्हा जावे ही माहिती आता गावोगावी पोचली आहे. मात्र या नऊ महिन्यांत बाईने अंगावर काय घालावे, हा विषय सहसा कोणी काढत नाही. ‘त्यात काय सांगायचे? आहे तेच नेसायचे,’ असे सर्वसाधारण मत असते. परिणामी सातव्या महिन्यातही नेहमीचाच परकर, नेहमीचीच नाडी आणि काखेत उसवलेले पोलके घालून बाई खुरपणीला बसते.

मी विद्यार्थ्यांना पिके आणि तणे शिकविते. कपडे हा माझा विषय नव्हे. परंतु पहिल्या वेळेस सहा महिन्यांची गरोदर असताना मी खरिपातील प्रयोगांच्या नोंदी घेत होते. दिवसभर वाकून मोजमापे घेतल्यावर रात्री कमरेभोवती नाडीचा लाल वळ उठलेला असे. एके दिवशी ओल्या बांधावर निऱ्या पायांत येऊन मी घसरले. सुदैवाने इजा झाली नाही. दुसऱ्या वेळेस मात्र पेरणीपूर्वी आपण बियाणे-खतांची जुळवाजुळव करतो, तशी कपड्यांची आधीच तयारी केली. त्या अनुभवावरून पुढील माहिती देत आहे. यातील बहुतेक गोष्टी घरच्या जुन्या कपड्यांतून होतात.

बदल केव्हा व का करावा?

साधारणपणे चौथ्या महिन्यापासून नेहमीचे कपडे घट्ट होऊ लागतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत येते. नऊ महिन्यांत वजन साधारण १० ते १२ किलो वाढते. छातीचा घेर वाढतो, घाम जास्त येतो आणि शेवटच्या महिन्यांत सायंकाळी पावले सुजतात. पोट पुढे आल्याने शरीराचा तोल बदलतो व पायाखालची जागा नीट दिसत नाही. म्हणून कपडा सैल, घाम शोषणारा आणि पायांत न येणारा असावा. ही तयारी चौथा महिना संपण्यापूर्वी करावी.

परकर व नाडी

सर्वांत जास्त त्रास बारीक व घट्ट नाडीचा होतो. नाडी एकाच जागी काचते, तेथे घाम साचतो, कातडी काळी पडते, खाज सुटते व कधी जखमही होते. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट नेसल्याने झालेल्या जखमेतून दोन वयस्क स्त्रियांना त्वचेचा कर्करोग झाल्याची नोंद वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केली. असे क्वचितच घडते. घाबरण्याचे कारण नाही. परंतु नाडीचा काच अंगवळणी पाडून घेऊ नये, एवढे यावरून समजावे.

यासाठी पुढीलप्रमाणे सुधारणा करावी :

१) नेफा उसवून ५ सें.मी. रुंद करावा आणि बारीक नाडीऐवजी जुन्या सुती कापडाची ४ सें.मी. रुंद पट्टी ओवावी. भार रुंद जागेवर विभागला जातो व काचत नाही.

२) परकराचा घेर कमी असल्यास दोन्ही बाजूंची शिवण वरून २० सें.मी. उसवून तेथे तिकोनी कळी जोडावी. कळी वरच्या अंगाला १२ ते १५ सें.मी. रुंद असावी. यामुळे घेर साधारण २५ ते ३० सें.मी. वाढतो.

३) गाठ पोटावर न बांधता पोटाच्या खाली, कुशीला बांधावी. बसल्यावर पट्टीखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत.

४) परकर खाली सरकत असल्यास नाडी आवळू नये. लहान मुलांच्या चड्डीला असतात तशा खांद्यावरून जाणाऱ्या दोन पट्ट्या परकराला लावाव्यात व वरून पोलके घालावे. साडीचा भार कमरेऐवजी खांद्यावर येतो.

नऊवारी नेसणाऱ्या भगिनींनी कमरेची गाठ पोटाखाली व सैल ठेवावी. कासोटा घट्ट ओढू नये.

पोलके व आतले कपडे

आपल्याकडचे शिंपी पोलक्याच्या शिवणीत माया सोडतात. जुनी चार पोलकी निवडून दोन्ही बाजूंची माया सोडवून घ्यावी. माया नसेल तर काखेखाली त्याच रंगाची पट्टी जोडावी. पुढील बाजूस दुसरी हुकपट्टी लावल्यास घेर वाढेल तसे हुक बाहेरच्या ओळीत लावता येतात. नवे पोलके शिवायचे असल्यास ते पुढून उघडणारे असावे आणि दोन्ही बाजूंस ३ ते ४ सें.मी. माया ठेवण्यास शिंप्याला सांगावे. ते पुढे अंगावर पाजतानाही उपयोगी पडते.

आतले कपडे सुती व योग्य मापाचे असावेत आणि रोज बदलावेत. लाजेपोटी ते दुसऱ्या कपड्याखाली किंवा न्हाणीत अंधारात वाळत घालण्याची पद्धत चुकीची आहे. ओलसर कपड्यामुळे जांघेत बुरशीचा त्रास होतो. हे कपडे उन्हातच वाळवावेत.

घरात वापरण्यासाठी मॅक्सी सोयीची असते. एका जुन्या, मऊ झालेल्या सहावारी सुती साडीतून दोन मॅक्सी निघतात. छातीखाली चुण्या घालून घेर मोठा ठेवावा व खालची कड घोट्याच्या चार बोटे वर असावी. चुण्यांच्या आड दोन उभ्या फटी ठेवून त्यांना टिचबटणे लावली, तर तीच मॅक्सी बाळंतपणानंतरही चालते. सलवार-कमीज वापरणाऱ्यांनी कमीज घेरदार घ्यावी आणि सलवारीच्या नाडीला परकराचेच नियम लावावेत.

शेतातील कामासाठी

चिखलात भिजलेली साडी जड होते व पायांना लपेटते. त्यामुळे शेतात साडी घोट्याच्या वर नेसावी, निऱ्या कमी घालाव्यात आणि पदर पोटावरून आवळून न खोचता खांद्यावर पिनेने अडकवावा. वरून पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा. त्याने ऊन, कुसळे व पानांची खाज यांपासून संरक्षण होते आणि पुढून सोडता येत असल्याने उकाडा झाल्यास लगेच काढता येतो. डोक्याला सुती रुमाल बांधावा.

पावसाळ्यात सुती साडी लवकर वाळत नाही. अशा वेळी कामाला मिश्र धाग्याची हलकी साडी आणि अंगालगत सुती परकर-पोलके अशी विभागणी करावी. मात्र चुलीजवळ नायलॉनची साडी कधीही नेसू नये. ओल्या कपड्यांनी दिवसभर राहू नये. बांधावर पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड ठेवावा.

कापूस वेचताना कमरेला ओटी बांधून तीत बोंडांचा कापूस साठविला जातो. गरोदर बाईच्या पोटावर हा भार येऊ देऊ नये. तिने ओटीऐवजी खांद्यावर अडकविण्याची झोळी वापरावी, ती अर्धी भरताच रिकामी करावी व भरलेले गाठोडे उचलण्याचे काम दुसऱ्याने करावे.

फवारणी आणि कपडे

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गरोदर बाईला कीटकनाशकापासून सुरक्षित ठेवील असा कोणताही घरगुती कपडा नाही. दूर राहणे हाच उपाय आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून :

• गरोदर बाईने औषध कालवू नये, पंप भरू नये, फवारणीसाठी पाणीही वाहू नये.
• फवारलेल्या शेतात लेबलवर दिलेला काळ संपेपर्यंत जाऊ नये.
• फवारणीचा सदरा तिने अंगात घालू नये. वर सांगितलेला जुना सदरा फवारणीत कधीही न वापरलेला असावा.
• फवारणीचे कपडे तिने धुऊ नयेत. ज्याने फवारले त्याने ते वेगळ्या बादलीत, घरच्या इतर कपड्यांत न मिसळता, हातमोजे घालून धुवावेत.

पायताण व दागिने

चप्पल सपाट तळाची, न घसरणारी व मागून पट्टा असलेली घ्यावी. पाय सायंकाळी सुजतात, म्हणून चप्पल सायंकाळीच घालून पाहावी. जोडवी, अंगठ्या व घट्ट बांगड्या सहाव्या-सातव्या महिन्यातच सैल करून घ्याव्यात. सूज आल्यावर त्या निघत नाहीत. चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज येणे, डोके फार दुखणे किंवा डोळ्यांसमोर अंधुक दिसणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी त्वरित दवाखाना गाठावा.

खर्चाचे नियोजन

जुन्यातून तयार करावयाचे : परकर ३, पोलकी ४, मॅक्सी २, कामाचा सदरा १.
नवीन घ्यावयाचे : आतले सुती कपडे, चप्पल एक जोड, हुक, टिचबटणे व थोडे पट्टीचे कापड.

पात्र महिलांना प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात. ते दूध, अंडी, फळे यांसाठी वापरावेत. कपड्यांत घालवू नयेत.

डोहाळजेवणाला हिरवी साडी घेण्याची आपली प्रथा चांगली आहे. परंतु एकदाच नेसून पेटीत जाणाऱ्या जरीच्या भारी साडीऐवजी हिरवीच सुती साडी घ्यावी. हौसही होते आणि साडी रोजच्या वापरात येते. माहेरच्या मंडळींनी ओटीसोबत एक घेरदार परकर दिल्यास लेकीची खरी सोय होईल.

बाळंतपणानंतर

पोट लगेच पूर्ववत होत नाही. म्हणून कळ्या काढण्याची व पोलकी आत घेण्याची घाई करू नये. शस्त्रक्रिया होऊन बाळंतपण झाले असल्यास नाडी टाक्यांवर येता कामा नये. काही आठवडे मॅक्सीच वापरावी. पुढे हे कपडे धुऊन, उन्हात वाळवून ठेवावेत. जावेला, नणंदेला किंवा शेजारणीला ते उपयोगी पडतात.

शेवटी शेतकरी बंधूंना एक विनंती. गाभण गायीचे दावे आपण न सांगता सैल करतो. घरातील गरोदर बाई मात्र संकोचापोटी नाडी काचते असे सांगत नाही आणि नव्या चपलेसाठी पैसेही मागत नाही. तेव्हा तिने सांगण्याची वाट न पाहता आपण विचारावे, शिंप्याकडे स्वतः जावे आणि आपला एक चांगला सदरा तिच्यासाठी बाजूला काढून ठेवावा.