पुस्तकांचा कारभारी

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मोठी इमारत आणि इंग्रजी बोलणारे विद्वान. तिथे आपले काय काम, असे वाटते. पण तिथली माणसेही आपल्यासारखीच कुठल्या तरी गावात जन्मलेली असतात. त्यांनाही सुखदुःख असते, आवडीनिवडी असतात. अशाच एका माणसाची आज आपण ओळख करून घेऊ. त्यांचे नाव शियाळी रामामृत रंगनाथन.

शियाळी हे त्यांचे गाव. ते तमिळनाडूत, तंजावरच्या मुलखात आहे. तंजावर म्हणजे जिथे पूर्वी भोसल्यांचे राज्य होते, तेच. तिथे १८९२ साली रंगनाथन जन्मले. वडील रामायण वाचून लोकांना सांगत. मुलगा सहा वर्षांचा असतानाच ते वारले. मुलगा बोलताना अडखळे. तरीही तो शिकला आणि मद्रासच्या कॉलेजात गणित शिकवू लागला. गणित म्हणजे त्यांचा जीव की प्राण!

१९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांचा कारभारी. पण तिथे त्यांचे मन रमेना. वाचक थोडे, बोलायला कोणी नाही, नुसती कपाटे! थोड्याच दिवसांत ते जुन्या कॉलेजात गेले आणि म्हणाले, मला परत घ्या. शेवटी असे ठरले की त्यांनी आधी विलायतेला जाऊन हे काम शिकावे. मग नाहीच आवडले, तर परत यावे.

विलायतेत त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. कामगार, बाया, मुले, सगळी तिथे येऊन पुस्तके नेत होती. ते पाहून रंगनाथन यांचे मन पालटले. आपल्या देशातही असे झाले पाहिजे, असे त्यांनी मनाशी धरले. मग ते गणिताकडे परत गेलेच नाहीत.

पण गणिताची आवड सुटली का? मुळीच नाही. ती इथेही कामाला आली. हजारो पुस्तकांतून हवे ते कसे सापडावे? त्यांनी एक युक्ती काढली. समजा, भातावरच्या रोगाचे पुस्तक आहे. शेतीची खूण, भाताची खूण, रोगाची खूण, या एकापुढे एक मांडल्या की झाला त्या पुस्तकाचा नंबर. मग ते पुस्तक आपल्याच जागी बसते आणि मागताच हाती येते. ही पद्धत १९३३ साली छापून निघाली.

त्यांची राहणी साधी. कामाचा मात्र मोठा नाद. मद्रासला ते दिवसाचे तेरा-तेरा तास काम करीत. त्यांचे लग्न झाले, त्या दिवशीसुद्धा दुपारी ते कामावर हजर! पुढे पत्नी शारदा यांच्या नावाने त्यांनी मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपये दिले.

कपाटात कुलूप लावून ठेवलेले पुस्तक त्यांना रुचत नसे. पुस्तक वापरण्यासाठी आहे, असे ते सांगत. १९३१ साली मन्नारगुडीजवळ एक बैलगाडी पुस्तके घेऊन खेडोपाडी फिरू लागली. तिचा आरंभ रंगनाथन यांच्या हस्ते झाला. त्यांच्या खटपटीने १९४८ साली मद्रास प्रांतात ग्रंथालयांचा कायदा झाला. महाराष्ट्रात असा कायदा १९६७ साली झाला. १९७२ साली रंगनाथन वारले. त्यांच्या आठवणीसाठी १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन पाळतात.

मंडळी, आपण नुकतेच वाचायला शिकलो. पण विळा वापरला नाही तर गंजतो. अक्षरांचेही तसेच आहे. ती रोज वापरायला हवीत आणि त्यासाठी पुस्तक हवे. म्हणून जवळच्या वाचनालयात जा. संकोच करू नका. तिथल्या ग्रंथपालाला विचारा, "दादा, मला वाचता येईल असं पुस्तक आहे का?" हे विचारणे म्हणजे त्याच्यावर भार घालणे नव्हे. तुमच्यासाठीच तो तिथे बसला आहे.

सांगा पाहू :
१. रंगनाथन यांना आधी कोणता विषय आवडत होता?
२. विलायतेत काय पाहून त्यांचे मन पालटले?
३. तुमच्या गावाजवळ वाचनालय कुठे आहे? ते केव्हा उघडते?