जुनी गाडी घरी उभी करताना: आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी



घरच्या घरी गॅरेज सुरू करण्याच्या आपल्या मालिकेतला आजचा धडा जरा वेगळा आहे. बरेच तरुण विचारतात, "सर, जुनी स्पोर्ट्स कार घेऊन घरी तयार करायची आहे. सातारा-सांगलीकडे अशी गाडी मिळणार कुठे?"

खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे क्वचितच मिळते. पण तिची बहीण मिळू शकते. स्टँडर्ड हेरल्ड आठवते का? इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची हेरल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर्समध्ये बनू लागली. याच हेरल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि इंजिनचं घराणं एकच. याचा फायदा असा की स्पिटफायरवाल्यांसाठी आजही छापली जाणारी दुरुस्तीची पुस्तकं आणि बनणारे बरेच सुटे भाग हेरल्डवाल्याच्याही कामाला येतात. घेण्याआधी आपल्या मॉडेलशी ताडून मात्र बघायचं.

ही गाडी घरी शिकायला चांगली. बॉडी चासीवर बोल्टने बसवलेली असते, आणि बॉनेट मडगार्डसकट पुढे उलगडतं. टायरवर बसून इंजिनचं काम करता येतं.

तरी अशा गाड्या अंगणात अर्धवट का पडून राहतात? लोक म्हणतात पैसे संपले. मी म्हणतो क्रम चुकला, म्हणून पैसे संपले. माझी पहिली जुनी गाडी मी उलट्या क्रमाने केली. उत्साहाच्या भरात आधी रंग मारला. मग कळलं की खालचा पत्रा कुजलाय. वेल्डिंगने नवा रंग जळाला. तो खर्च दुसऱ्यांदा करायची ताकद नव्हती, गाडी होती तशी विकली. आजचा धडा त्या गाडीने शिकवलेला आहे.

टप्पा १: कागद

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार तुम्हाला माहीत असतील. भंगारातले भाग जुळवून त्यांनी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं. पण त्याच वेळी हेही सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी तिला रस्त्यावर अडवतील. म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. लोहारांच्या हातातल्या कलेला तोड नाही. पण रस्त्यावर कलेबरोबर कागदही लागतो, आणि प्रत्येकाला महिंद्रा भेटत नाहीत.

म्हणून व्यवहाराआधी आरसी बुक मागा. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवा. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो. नेहमीच्या विक्रीला फॉर्म २९ आणि ३०. वारस तीन असतील तर तिघांचीही संमती हातात घेतल्याशिवाय ॲडव्हान्स द्यायचा नाही.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर २०२१ च्या केंद्रीय नियमाने 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. आणि मुख्य अट म्हणजे चासी, बॉडी, इंजिन मूळ रूपात हवं. "इंजिन मिळत नाही, व्हॅनचं टाकून देऊ" असं मिस्त्री म्हणाला की ही अट आठवा.

टप्पा २: पत्रा

पाटण, महाबळेश्वर, कोयना भागातली गाडी असेल तर पावसाने खालचा पत्रा खाल्लेला असू शकतो. सांगलीतली असेल तर २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ती बुडाली होती का, हे सरळ विचारा. पुराचा गाळ चासीच्या पोकळ भागात बसतो आणि आतून गंज धरतो. बाहेरून काही दिसत नाही.

खिशात चुंबक ठेवा. मडगार्ड, दाराची खालची कड, डिकीचा तळ, सगळीकडे लावा. चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग खाली जाऊन चासीच्या बाजूला आलेल्या आडव्या हातांवर स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. आत गेला तर तिथे नवा पत्रा धरायचा.

हे हात कापताना एका वेळी एकच बाजू कापा, आणि आधी दारांच्या जागेत आधार वेल्ड करा. नाहीतर बॉडी खचते आणि दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत.

इथे जिवाच्या दोन गोष्टी. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला घरी वेल्डिंग लावायचं नाही. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. आणि नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली झोपायचं नाही. लोखंडी स्टँड घ्याच, तो खर्च पहिल्या दिवशीचा आहे.

टप्पा ३: चाकं, ब्रेक, इंजिन

हेरल्ड घेणाऱ्याने ट्रनियन हा शब्द पाठ करावा. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली आट्यांनी एका पितळी ठोकळ्यात बसतो आणि स्टिअरिंग वळवलं की त्यात फिरतो. त्यात ९० नंबरचं गिअर ऑईल जायला हवं. आपल्याकडे सवयीने ग्रीस मारलं जातं. ग्रीस घट्ट होतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, दांडा गंजून तुटतो आणि चाक आडवं होतं. खंबाटकी घाटात हे झालं तर काय होईल, विचार करा.

ब्रेकचे सगळे रबर आणि पाईप नवीन घाला. जुन्या लायनरच्या धुळीत ॲसबेस्टॉस असू शकतं, ती हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोलचे रबरी पाईपही बदला. हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं, पेट्रोल गळतं आणि आगीचं निमित्त होतं.

इंजिन उघडण्याआधी एक चाचणी करा. इंजिन बंद ठेवून मदतनिसाला क्लच दाबायला सांगा आणि पुढच्या पुलीकडे बघा. पुली ठळकपणे मागेपुढे सरकली तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजलेत. तसंच चालवलं तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात.

बोअर, क्रँक ग्राइंडिंगसारखं काम घरी होत नाही. त्यासाठी कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ आहे. देताना मापं वहीत लिहून द्या.

टप्पा ४: रंग

गाडी किमान दोन महिने रंगाशिवाय, नुसत्या प्रायमरवर चालवून बघा. आवाज, गळती, दारं, सगळं नीट झालं की मगच रंग.

आता हिशोब

समजा गाडी १,००,००० ला घेतली. सुटे भाग ८०,०००, मशीन शॉप ४०,०००, पत्रा आणि रंग ९०,०००, टायर-बॅटरी-वायरिंग ४०,०००. एकूण ३,५०,०००. गिऱ्हाईक ४,२५,००० द्यायला तयार आहे. ७५,००० सुटले, असं वाटतं ना?

थांबा. तुमचे ३०० तास कुठे गेले? तासाला १५० धरले तरी ४५,००० झाले. आणि जुन्या कामात न दिसलेला खर्च निघतोच. अडीच लाखांच्या कामावर २५ टक्के म्हणजे ६२,५०० बाजूला ठेवा. खरा आकडा ४,५७,५००. म्हणजे ३२,५०० चा तोटा.

स्वतःच्या आवडीसाठी करत असाल तर हा तोटा म्हणजे शिकण्याची फी, खुशाल भरा. पण गिऱ्हाइकाची गाडी घेत असाल तर टप्प्याटप्प्याने पैसे घ्या. एक टप्पा पूर्ण, त्याचे फोटो, त्याचं बिल, मगच पुढचा टप्पा. पत्रा उघडल्यावर नवा गंज निघाला तर काम थांबवून लेखी मंजुरी घ्या. संबंध बिघडतात ते गंजामुळे कमी, न सांगितलेल्या खर्चामुळे जास्त.

पहिलीच वेळ असेल तर चारचाकीला हात लावू नका. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली प्रिया स्कूटर एखाद्या नातेवाइकाकडे पडून असेल. हे चारही टप्पे आधी तिच्यावर करा. चूक झाली तरी हजारांत राहील, लाखांत जाणार नाही.

आजचा गृहपाठ: एक शंभर पानी वही घ्या. चार टप्प्यांना पंचवीस-पंचवीस पानं द्या. खोललेला प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर नंबर, तोच नंबर वहीत, समोर खर्च आणि तास. गाडी घ्यायच्या आधी पहिल्या टप्प्याची पानं भरा. ती भरत नसतील, तर ती गाडी सोडून द्या, दुसरी बघा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत काम करत राहा आणि लिहीत राहा.