गहू सोडण्याआधी रक्त तपासा

पोट सारखं फुगतं, जुलाब थांबत नाहीत, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही किंवा मुलाची उंची खुंटली आहे, असं ऐकलं की कुणीतरी सल्ला देतंच, ‘गहू बंद करून बघ.’ कृपा करून तपासणीआधी तो बंद करू नका. सिलिअॅक आजारात गव्हातलं ग्लुटेन पोटात गेल्यामुळे शरीर अँटिबॉडीज तयार करतं. ग्लुटेन थांबलं की त्या उतरू लागतात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

गहू आधीच सुटला असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते काही आठवडे तो पुन्हा सुरू करायला सांगतील. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या शिफारशीनुसार रोज एकाहून अधिक जेवणांत, किमान 6 आठवडे. घरात रोज ज्वारी-बाजरीची भाकरीच होत असेल, तर हेही सांगायला हवं, कारण त्या भाकरीत ग्लुटेन नसतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रक्ताच्या दोन तपासण्यांची नावं आहेत का पाहा: टीटीजी-आयजीए (सिलिअॅकच्या अँटिबॉडीज) आणि टोटल आयजीए (त्या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडीज). दुसरी तपासणी पैसे वाचवायला गाळली जाते, ते मला धोक्याचं वाटतं. सिलिअॅकच्या दर शंभरातल्या दोन-तीन रुग्णांत आयजीए मुळातच फार कमी असतं. त्यांची पहिली तपासणी खोटा दिलासा देते. मग आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडीज बघाव्या लागतात. या तपासण्यांसाठी उपाशी राहायची गरज नसते.

रिपोर्टमधला टीटीजीचा आकडा त्याच लॅबच्या कमाल मर्यादेशी ताडून पाहा. दोन लॅबचे आकडे एकमेकांशी जुळवू नका. मुलांमध्ये तो मर्यादेच्या 10 पट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए ही आणखी एक अँटिबॉडी तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या 2020च्या मार्गदर्शनानुसार बायोप्सी टाळता येते. मोठ्यांमध्ये सहसा एन्डोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तुकडे घेतात. ती होईपर्यंत पोळी चालूच ठेवा.

निदान पक्कं झालं, तर आईवडील, भावंडं आणि मुलं यांचंही रक्त तपासून घ्या. त्यांना त्रास नसला तरीही. आता मात्र गहू, जव, राय कायमचे बंद. फोडणीच्या हिंगाचं लेबलही वाचा, बऱ्याच डब्यांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. साधारण 6 महिन्यांनी टीटीजी पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आकडा उतरत नसेल, तर आहारतज्ज्ञांसोबत बसून स्वयंपाकघरातला एकेक डबा तपासा.