इलेक्ट्रॉनिक घटकांच्या तारांतील धातू

रेडिओची मागील बाजू उघडल्यास रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड अशा घटकांतून निघालेल्या चकचकीत तारा दिसतात. त्या सर्व एकाच धातूच्या असाव्यात, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही चकाकी वरच्या लेपाची असते. आतील धातू घटकाच्या गरजेनुसार निराळा असतो.

वीजवहनास तांबे उत्तम. तथापि उघड्या तांब्यावर हवेने ऑक्साइडचा थर चढतो व त्यावर डाख नीट बसत नाही. अन्न कळकू नये म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात; तसाच कथलाचा पातळ लेप या तारांनाही देतात.

अनेक घटकांत तांब्याचे कवच चढविलेली पोलादी तार योजतात. ती स्वस्त व ताठ असते. शिवाय पोलादातून उष्णता पुष्कळ कमी वाहत असल्याने डाख देताना आतील नाजूक भागास झळ कमी पोहोचते. काचेच्या डायोडची अडचण वेगळी आहे. तांबे साध्या काचेच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे जाड तांब्याची तार काचेत बसविल्यास सांधा सुटतो वा काच तडकते. म्हणून तेथे सुमारे ४२ टक्के निकेल असलेल्या लोखंडी गाभ्यावर तांब्याचे कवच चढविलेली ‘ड्युमेट’ तार वापरतात.

६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो; शुद्ध कथलास २३२ अंश लागतात. शुद्ध कथलाच्या लेपावर केसासारखे तंतू उगवून शेजारच्या तारा जोडल्या जाण्याचा संभवही असतो. थोडे शिसे मिसळल्यास त्यास आळा बसतो. शिशाचा वापर वाढला तो या गुणांमुळे. परंतु शिसे विषारी असून मुलांच्या मेंदूच्या वाढीस विशेष अपायकारक आहे. म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून त्यावर निर्बंध घातले. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार, काही अपवाद वगळता, शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का आहे.

तारांतील हा भेद शाळेत साध्या चुंबकाने दाखविता येतो. घटकापासून कापून घेतलेला तारेचा तुकडा चुंबकास चिकटल्यास गाभा लोखंडाचा वा पोलादाचा समजावा. न चिकटल्यास बहुधा तांब्याचा. जुने संच हाताळल्यावर मात्र हात साबणाने धुणे आवश्यक आहे. तांब्यासाठी असे संच गावाच्या उकिरड्यावर जाळल्यास त्यांतील शिसे धुरातून व राखेतून हवेत, मातीत आणि पाण्यात पसरते. ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पाठविणे, हाच सुरक्षित मार्ग होय.