बर्कली, डेव्हिस की सॅन होजे? कम्युनिटी कॉलेजनंतरची निवड

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत सप्टेंबर लागला की काळजी सुरू होते. मुलगा किंवा मुलगी डी ॲन्झा, फूटहिल, ओलोनी अशा एखाद्या कम्युनिटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असते आणि आता पुढच्या दोन वर्षांसाठी कुठे अर्ज करायचा ते ठरवायचं असतं. हायस्कूल संपल्यावर मूल थेट मोठ्या विद्यापीठात गेलं नाही, ही सल काही आईबाबांच्या मनात अजून असते. मग ती भरून काढायला बर्कली किंवा यूसीएलएच हवं, असं वाटू लागतं. हे वाटणं स्वाभाविक आहे. पण ट्रान्सफर घेणाऱ्या मुलाच्या हाती दोनच वर्षं असतात आणि प्रत्येक पर्याय त्या दोन वर्षांवर तोलून पाहायला हवा.

आधी त्या सलीबद्दल. आपल्याकडे डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं, तशीच कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याची ही राज्याने मुद्दाम आखलेली वाट आहे. 1960 च्या उच्चशिक्षण आराखड्यातच तिला जागा दिली गेली. आज राज्यात 116 कम्युनिटी कॉलेजं आहेत. रहिवासी विद्यार्थ्याला एका युनिटला 46 डॉलर पडतात, म्हणजे ट्रान्सफरला लागणारी 60 सेमिस्टर युनिटं 2,760 डॉलरमध्ये होतात. मानवी जनुकसंचाचा आराखडा वाचणाऱ्या क्रेग व्हेंटर यांनी कॉलेज ऑफ सॅन मटेओमध्ये सुरुवात केली आणि तिथून ते यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सॅन डिएगोला गेले. पदवीवर शेवटी विद्यापीठाचंच नाव येतं.

आता खरं काम. ‘असिस्ट’ नावाची सरकारी वेबसाइट उघडा आणि मुलाच्या शेजारी बसा. तुमचं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि मेजर निवडलं की दोन रकाने दिसतात. एका बाजूला विद्यापीठ मागतं ते कोर्स, दुसऱ्या बाजूला तुमच्या कॉलेजातले त्यांच्या बरोबरीचे. कुठे आपले दोन कोर्स मिळून तिथला एक धरला जातो. त्यातला एकच केला असेल तर हाती काहीच लागत नाही. कुठे समोर लिहिलेलं असतं की बरोबरीचा कोर्स नाही. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलाने कॅल्क्युलसची पूर्ण मालिका, लिनिअर अल्जिब्रा, डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर्स या ओळी एकेक करून तपासाव्यात. शेजारच्या कॅम्पसचं पान वेगळं असतं, म्हणून प्रत्येक कॅम्पससाठी हे पुन्हा करायचं. संध्याकाळ जाईल, पण जाऊ द्या. यातली एक ओळ सुटली तर तिसऱ्या वर्षी तो कोर्स तिथे जाऊन करावा लागतो, त्यावर अवलंबून असलेले पुढचे विषय मागे पडतात आणि दोनाची अडीच-तीन वर्षं होतात. तेव्हाची फी विद्यापीठाच्या दराने भरायची असते.

यूसीच्या सहा कॅम्पसवर ‘टॅग’ म्हणजे प्रवेशाची हमी मिळते: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. हमी एकाच कॅम्पसची मागता येते, तीही फक्त सप्टेंबरात. त्यानंतर मुख्य अर्ज वेगळा भरावाच लागतो. हमी घेतली म्हणून बर्कलीचं दार बंद होत नाही, तिथेही अर्ज करता येतो. म्हणून पात्र असलेल्या प्रत्येक मुलाने टॅग भरावाच, असं माझं ठाम मत आहे. फक्त मेजर नीट पाहा. कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या शाखा काही कॅम्पसनी या हमीतून वगळल्या आहेत.

इथेच एक घातक सल्ला कानावर येतो: सोप्या मेजरमधून आत शिर, मग बदलून घे. गर्दीच्या विषयांत बाहेरच्या मेजरमधून येणाऱ्यांवर कडक मर्यादा असतात आणि दोन वर्षांत दुसरी संधी क्वचितच मिळते. कॅम्पसचा एकूण प्रवेशदर पाहूनही काही कळत नाही. यूसी ट्रान्सफरचे आकडे मेजरनुसार प्रसिद्ध करते. किती अर्ज आले, कितींना प्रवेश मिळाला, त्यांचा जीपीए काय होता, ते तिथे वाचा.

कॅल स्टेटकडे नाक मुरडणारे पालक मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. 2010 च्या कायद्याने आलेली ट्रान्सफरसाठीची असोसिएट पदवी घेतली की कॅल स्टेट व्यवस्थेत जागा नक्की मिळते आणि त्याच विषयात उरलेली पदवी 60 युनिटांत पुरी करता येते. जागा कोणत्या कॅम्पसवर, याची मात्र हमी नसते. याच व्यवस्थेतलं सॅन होजे स्टेट तर सिलिकॉन व्हॅलीच्या मध्यावर आहे. ट्रान्सफरच्या मुलाला पदवीच्या आधी मधला एकच उन्हाळा मिळतो. त्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी अनेक मोठ्या कंपन्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच निवड सुरू करतात. नव्या गावात खोली, बस आणि वर्ग शोधण्यात ते दोन महिने गेले तर संधी हुकते. घरून जाणाऱ्या मुलाचे ते दोन महिने वाचतात. बर्कलीत हव्या त्याच मेजरला प्रवेश मिळाला तर जरूर जा. पण नको असलेल्या मेजरसाठी बर्कली आणि हव्या त्या मेजरसाठी सॅन होजे असा पेच पडला, तर मी सॅन होजे म्हणेन.

एच-4 या आश्रितांच्या व्हिसावर असलेल्या मुलांच्या घरी आणखी एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, मुलाचा एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी आश्रिताचा व्हिसा संपतो आणि बरीच मुलं एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जातात. एफ-1 वर राज्याचा रहिवासी होता येत नाही आणि यूसीत अनिवासी विद्यार्थ्याला वर्षाला 30,000 डॉलरहून जास्त जादा फी पडते. हा वाढदिवस नेमका तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतो. त्यामुळे प्रत्येक कॅम्पसच्या रेसिडेन्सी ऑफिसला तुमची स्थिती सांगून आधीच लेखी विचारा, आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. खर्चाचा हिशेब या उत्तराशिवाय मांडूच नका.

अर्ज गेला की घर निवांत होतं, पण जानेवारीतलं काम राहिलेलं असतं. यूसीला शरद सत्राचे गुण आणि वसंतात घेतलेले कोर्स ऑनलाइन अपडेट करून 31 जानेवारीपर्यंत कळवायचे असतात. उत्तरं एप्रिल अखेरपर्यंत येतात आणि यूसीला होकार 1 जूनपर्यंत द्यायचा असतो. आलेला प्रवेश सशर्त असतो. वसंतात जड वाटला म्हणून एखादा कोर्स सोडायचा असेल, तर सोडण्याआधी कॅम्पसच्या ॲडमिशन ऑफिसला कळवा आणि त्यांचं उत्तर हाती येईपर्यंत वर्गात बसत राहा.